पाचवा डिटेक्टर

“बाबा, एक दिवस नाही वाजवली ती यंत्रं, तर काय आभाळ कोसळतं का हो?”

प्रश्न भिंगरीचा स्वतःचा नव्हता. लांबी आणि वकील या तिच्या दोन जिवलग मैत्रिणींनी तो वहीच्या पानावर लिहून, चार घड्या घालून तिच्या कंपासपेटीत कोंबला होता आणि वर दम दिला होता, की विचारलास तर तू खरी, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचलायची. वर्षापूर्वीची भिंगरी असती तर तिनं मुकाट्यानं दप्तरं उचलली असती. पण यंदा तिला वाचा फुटली होती. वर्गासमोर उभं राहून बोलताना गुडघे लटपटायचे थांबले होते, आणि ते एकदा थांबले म्हटल्यावर ती स्वतः कुठे थांबेल याचा कुणालाच भरवसा राहिला नव्हता. घरात तिला भिंगरी म्हणायचे ते पाय ठरत नाहीत म्हणून. आता जीभही ठरत नव्हती.

तर रविवारी दुपारी, बाबा बनियनच्या टोकानं चष्मा पुसत बसले होते, तेव्हा तिनं विचारून टाकलं.

बाबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तिच्याकडे पाहिलं. “नाही कोसळत,” म्हणाले.

“मग काय होतं?”

“काही नाही. बहुतेक दिवशी काहीच होत नाही.”

“एवढंच?”

“एवढंच.”

भिंगरीनं हे उत्तर जसंच्या तसं मैत्रिणींना कळवलं. लांबीनं हसून लोळणाऱ्या तोंडांची एक अख्खी रांग पाठवली. वकिलीणबाईंनी लिहिलं, “मग एकोणीस वर्षं पींपीं काका करतात तरी काय?” बाबांना हे नाव त्यांनीच ठेवलं होतं.

ते नेमकं काय करतात, हे भिंगरीला दुसऱ्याच दिवसापासून पाहायचं होतं. शाळेनं नववीच्या मुलांना आठवडाभराचं काम दिलं होतं : घरातल्या कुणाच्या तरी कामावर जायचं, बघायचं, वही लिहायची, फोटो चिकटवायचे. आई गाडी शिकवायची. तिच्या गाडीत मागे बसायचं म्हणजे शिकाऊ माणसाच्या हातात जीव देऊन बसायचं. म्हणून भिंगरीनं बाबा निवडले. तेवढीच निवांत झोप, असं तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं.

बाबांची खोली कारखान्याच्या फाटकाला लागून होती. रंग पातळ करायचे द्रव साठवणारा कारखाना. मोठमोठ्या लोखंडी टाक्या, आणि सगळीकडे नाकाच्या टोकाशी रेंगाळणारा एक गोडसर वास. खोलीत एक खिडकी, एक टेबल, आणि भिंतभर लाकडी खणांचं एक कपाट. खणांत साबणाच्या वडीएवढे पिवळे डिटेक्टर, प्रत्येकावर नंबर. चव्वेचाळीस. ज्याला टाकीत, खड्ड्यात किंवा बॉयलरच्या तळघरात उतरायचं, त्याच्या छातीवर त्यातला एक अडकवायचा. पडद्यावर चार आकडे दिसत. पेट घेणारा वायू किती, प्राणवायू किती, आणि दोन विषारी वायू किती किती. काही बिघडलं की तो ओरडायचा.

“आणि ओरडलाच नाही तर?” भिंगरीनं सोमवारी विचारलं.

“म्हणून तर आधी इथे ओरडवायचा,” बाबा म्हणाले.

कपाटाशेजारी साखळीनं बांधलेली गॅसची एक बाटली होती. थर्मासएवढी. तिच्या तोंडाची किल्ली बाबांच्या गळ्यात असायची, दोऱ्यात ओवलेली. डिटेक्टर चालू करायचा, त्याच्या जाळीवर एक टोपण बसवायचं, टोपणाला नळी, नळी बाटलीला, आणि किल्ली फिरवायची. ठरावीक गॅस ठरावीक वेळ. चारही आकडे हलायचे, मग लाल दिवे, मग ती कानठळ्या बसवणारी किंकाळी, आणि हातातली ती वडी थरथरायची. बारा सेकंद. कागदोपत्री याला बंप टेस्ट म्हणत. बाबांच्या खोलीत नुसतं ‘वाजवणं’.

पण एक पद्धत खास बाबांची होती. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात नसेल. ज्याचा डिटेक्टर त्यानं तो स्वतःच्या हातात धरायचा. तो थरथरला, किंचाळला, की त्या माणसानं तोंडानं म्हणायचं, “ऐकलं.” मगच बाबा रजिस्टरात नावापुढे ‘ऐकलं’ असं लिहायचे. बरोबरची खूण नाही, सही नाही. हा शब्द.

“मी ऐकून काय उपयोग?” ते म्हणाले. “टाकीत कोण जाणार, मी?”

टाक्या साफ करणाऱ्या टोळीचा मुकादम होता भिंगरीचा सख्खा मामा. आईचा धाकटा भाऊ. रोज सकाळी तो खिडकीत डोकं घालायचा, आणि खोलीत उजेड कमी व्हायचा तो व्हायचाच, दंगा मात्र दुप्पट व्हायचा.

“ऐकलं भावोजी, ऐकलं! घरी तुम्ही माझ्या ताईचं ऐकता, त्याचा सूड इथे आमच्यावर काढता होय?”

“तुझ्या ताईला बारा सेकंदांत बंद करता येत नाही,” बाबा मान वर न करता म्हणायचे. “पुढचा.”

बाबा असे. चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. एकोणीस वर्षं रोज चव्वेचाळीस किंकाळ्या ऐकून ते दचकायचंच विसरले होते. घरात भांडं पडो, फुगा फुटो, बाबा आपले शांत. भिंगरीला त्याची गंमत वाटायची. पण बुधवारपर्यंत तिलाही तो आवाज नीट ऐकू येईनासा झाला. कान उघडे होते, आवाज आत जात होता, आणि आत गेल्यावर त्याचं काहीच होत नव्हतं. वहीत लिहायला ‘वाजवलं, वाजलं’ यापलीकडे काही उरलं नव्हतं. सगळे वाजत होते. तीन दिवसांत एकही नापास नाही.

बुधवारी संध्याकाळी बाबा नवी बाटली आणायला भांडारात गेले. भिंगरीला वहीसाठी फोटो हवा होता, आणि टाकीवाल्यांच्या खणातले पाचही डिटेक्टर गाळ उडून मळकट झाले होते. चार टोळीचे, पाचवा जादाचा. फोटोत पिवळा रंग कसा झळकायला हवा! सकाळीच तिनं आईच्या गाडीतून डॅशबोर्ड चमकवायचा स्प्रे दप्तरात टाकून आणला होता. विचारलं नव्हतं, पण स्प्रे मारायला कुणी परवानगी काढतं का? तिनं पाचही डिटेक्टर चालू केले, कारण पडद्यावर आकडे पेटलेले छान दिसतात. रांगेत उभे केले, आणि सर्रर्र करून वरपासून खालपर्यंत स्प्रे मारला. पुढच्या गोल जाळ्यांवर सुद्धा, तिथेच तर सगळी घाण अडकली होती. पुसले. लखलखले. फोटो काढला, डिटेक्टर बंद करून परत खणात ठेवले आणि फोटो मैत्रिणींना पाठवला : “पींपीं घराणं नटूनथटून तयार.”

लांबीचं उत्तर आलं, “नवरीच दिसतायत मेल्या.”

बाबा परतले तेव्हा अंधारून आलं होतं. त्यांनी दिवा मालवला, कुलूप लावलं. त्यांना काही दिसलं नाही.

गुरुवारी टोळीला तीन नंबरची टाकी साफ करायची होती. आतली हवा सकाळीच एका मोठ्या यंत्रानं तपासून झाली होती. स्वच्छ होती, आत उतरायचं परमिट निघालं होतं. मामा आणि त्याचे तिघे खिडकीशी आले. बाबांनी कपाट उघडलं, आणि तेवढ्यात टेबलावरचा फोन खणखणला. मोठ्या साहेबांना मागच्या महिन्याचं रजिस्टर हवं होतं. आत्ता.

“दोन मिनिटं थांबा. आलोच,” बाबा म्हणाले आणि रजिस्टर काखेत मारून गेले. कपाट उघडं राहिलं. बाटलीची किल्ली त्यांच्या गळ्यात गेली.

दोनाची पंधरा मिनिटं झाली.

“भाचीबाई,” मामा म्हणाला, “तुझे बाबा साहेबाकडे गेले की साहेबाच्या घरी जेवायला गेले?”

“येतील रे आता.”

“ऊन चढलं की त्या टाकीची भट्टी होते. आम्ही काय भाजून निघायचं? दे की तू. तीन दिवस शिकतेस ना?”

“वाजवायचे राहिलेत, मामा.”

“काल वाजले ना? मग रात्रीतून काय मुके होतात?”

भिंगरीनं एक डिटेक्टर चालू केला. चालू होताना तो नेहमीसारखा एकदा पीं म्हणाला. आकडे आले. जिथे शून्य हवं तिथे शून्य.

“बोलतोय की गुणी बाळ,” मामा म्हणाला. मागचे तिघं हसले.

आणि तिला रविवारचं आठवलं. बहुतेक दिवशी काहीच होत नाही. खुद्द बाबाच म्हणाले होते. ती काय आता घाबरट भिंगरी होती? तिनं चारही डिटेक्टर दिले. चौघं आपापल्या छातीवर अडकवत, हसत, ओळीनं “ऐकलं, ऐकलं, ऐकलं, ऐकलं” म्हणाले, आणि तिनं या महिन्याच्या रजिस्टरात चार वेळा तो शब्द लिहिला. छान लिहिला. ‘ऐ’ची मात्रा तर अशी झोकात, की एखादीनं गजरा माळावा.

बाबा आले ते दहा मिनिटांनी. आधी रिकामी खिडकी पाहिली. मग रजिस्टर. मग खण. खणात एकच डिटेक्टर होता. पाचवा. खिडकीतून आलेल्या उन्हात तो चकाकत होता.

“हा पुसला कुणी?”

“मी. फोटोसाठी.”

“कशानं?”

तिनं दप्तरातून डबा काढून दाखवला. बाबांनी त्यावरची बारीक अक्षरं चष्मा कपाळावर नेऊन वाचली.  पाचवा डिटेक्टर चालू केला, टोपण लावलं, किल्ली फिरवली.

तीन आकडे जागे झाले. डिटेक्टर किंचाळला, थरथरला, दिवे लागले. अगदी नेहमीसारखा. पण पहिला आकडा, पेट घेणाऱ्या वायूचा, शून्यावर बसून राहिला. बाबांनी बारापर्यंत मोजलं. मग पुढे वीसपर्यंत. शून्य.

“डब्यात सिलिकॉन आहे,” ते म्हणाले. “पेटणारा वायू ओळखणारा आतला मणी तापलेला असतो. त्यावर हे बसलं की त्याला काही कळत नाही. मेला तरी सांगत नाही मेलो म्हणून.”

आणि मग त्यांनी जे केलं, ते भिंगरी पुढे कितीतरी वेळा मनात उलटसुलट करून पाहणार होती. त्यांनी बॉयलरवाल्यांच्या खणातला एक डिटेक्टर उचलला. तो घेऊन धावले नाहीत. आधी त्याला टोपण लावलं. किल्ली फिरवली. मामा टाकीत होता, आणि बाबा उभे राहून मोजत होते. आठ, नऊ, दहा. चारही आकडे उठले, तो किंचाळला.

“ऐकलं?” त्यांनी विचारलं.

“ऐकलं,” ती म्हणाली.

मग ते धावले. त्यांना धावताना तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. फार वाईट धावत होते, चप्पल निसटत होती, हात दोन्ही बाजूंना पसरलेले. ती मागून.

तीन नंबरच्या टाकीच्या गोल दारापाशी पहारेकरी स्टुलावर बसला होता. बाबांनी त्याच्या गळ्यातली शिट्टी ओढून तीनदा वाजवली, म्हणजे असाल तसे बाहेर या. हातातला डिटेक्टर दाराशी धरायचा अवकाश, तो बोंब मारायला लागला. गाळ ढवळला गेला होता. त्याच्या पोटात साठलेला वायू वर येत होता, आणि आतल्या चार छात्यांवर चार शून्यं निवांत लटकत होती.

एक आला. दुसरा आला. तिसरा आला, डोकं दुखतंय म्हणाला. मग बराच वेळ शिडीवर कुणी नव्हतं. नंतर बाबांनी सांगितलं की अर्धं मिनिट सुद्धा नव्हतं.

मग मामाचं डोकं वर आलं. “काय हो भावोजी? आग लागली का?”

“नाही,” बाबा म्हणाले, आणि पडदा त्याच्यापुढे धरला. बावीस. दोरीला बांधून डिटेक्टर खाली सोडला तेव्हा एकेचाळीस झाले. दहाला ओरडायला हवा होता. शंभराला एक ठिणगी पुरते.

मामानं छातीवरचं शून्य पाहिलं. मग बाबांच्या हातातले एकेचाळीस. फावडं खाली ठेवलं, ठिणगी उडू नये म्हणून पितळेचं असलेलं फावडं, आणि तो जमिनीवर फतकल मारून बसला. त्याला एकही विनोद सुचला नाही.

झालं ते एवढंच. कुणाला काही लागलं नाही. टाकी बंद केली, पंखे लावले, डोकं दुखणाऱ्याला पाणी दिलं. साहेब येऊन पाहून गेले आणि उद्या सकाळी दहा वाजता सगळ्यांनी केबिनमध्ये यायचं, लेखी अहवाल घेऊन, असं सांगून गेले. भिंगरीला वाटलं होतं आता आपल्याला रडू येईल. ती वाट पाहत उभी राहिली. काही आलं नाही. तिनं दंडाला चिमटा काढला. दुखलं. म्हणजे दुखत होतं, ऐकू येत होतं, गोडसर वासही येत होता. तीन आकडे चालू होते. एकच कुठलातरी हलत नव्हता.

घरी चालत येताना बाबांनी विचारलं, “भूक लागलीय?”

“हो,” ती म्हणाली. लागली नव्हती. जेवली मात्र ताटभर. काय जेवली ते ताट धुताना तिला आठवेना.

आई शेवटची शिकवणी आटपून आली. बाबांनी उभ्याउभ्या चार वाक्यांत सांगितलं. आईनं नळ सोडला आणि हात धुतले, धुतले, धुतच राहिली. मग खाली गाडीपाशी गेली, तिथून काहीच न आणता परत आली, कारण जे बघायला गेली होती ते टेबलावरच होतं. स्प्रेचा डबा. तिनं मामाला फोन लावला.

“जेवलास का?... डोकं?... झोप मग लवकर. दिवा मालव.”

एवढंच. फोन ठेवल्यावर ती भिंगरीसमोर बसली. भिंगरी ओरड्याची वाट पाहत होती. आई शिकाऊ माणसांवर गाडीच्या काचा हादरतील अशी ओरडायची. आज म्हणाली, “मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी काय सांगते?”

“आधी ब्रेक दाबून बघा. मग किल्ली लावा.”

“हं,” आई म्हणाली.  ओरडली असती तर बरं झालं असतं.

फोन सारखा थरथरत होता. लांबी विचारत होती, आज पींपीं काका काय म्हणाले? वकील विचारत होती, नटलेल्या नवऱ्या पसंत पडल्या का? भिंगरीनं वाचलं. परक्या कुणाच्या नावानं आलेली पत्रं चुकून आपण उघडावीत तसं वाटलं. तिनं फोन पालथा घातला.

बाबा टेबलाशी अहवाल लिहीत बसले होते. नेहमीचं अक्षर, सरळ, एकाही शब्दाला शेपूट नाही. ती पाठीमागे जाऊन उभी राहिली. ‘टाकी गटाच्या चार डिटेक्टरांची तपासणी माझ्याकडून राहून गेली,’ असं पहिलं वाक्य होतं. आणि दुसरं : ‘सेन्सर जुने झाल्यामुळे निकामी झाले असावेत.’

“जुने नव्हते,” भिंगरी म्हणाली. “चार महिन्यांपूर्वी बसवलेत. रजिस्टरात आहे.”

बाबांनी पेन थांबवलं. “झोप जा.”

“पहिलं वाक्य पण अर्धंच आहे.”

“खोली माझी. कपाट मी उघडं टाकलं. किल्ली गळ्यात घेऊन मी गेलो. त्यात खोटं काय?”

“अहो, ती चौदा वर्षांची आहे,” आई म्हणाली. “पोरीचं नाव त्या केबिनमध्ये येता कामा नये. शाळेत कळेल. लोक जन्मभर बोट दाखवतील. तुम्ही लिहिलंय तेच बरं.”

“तेच चाललंय,” बाबा म्हणाले.

“पण मग तुमची खोली काढून घेतील,” भिंगरी म्हणाली.

“घेतील. फाटकावर बसवतील. तिथे शांत असतं.” ते हसायचा प्रयत्न करत होते बहुतेक. सुरकुती हलली नाही.

भिंगरी बसली. डोक्यात सगळं एकदम स्वच्छ दिसत होतं. पोटात मात्र अजून काही नव्हतं.

“बाबा, रविवारी तुम्ही असं का म्हणालात? काहीच होत नाही म्हणून?”

“खरं तेच आहे. होत नाही. म्हणून तर रोज करायला लागतं. रोज काही झालं असतं तर कुणाला आठवण करून द्यावी लागली असती?” त्यांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. “तुला पुरतं सांगायला हवं होतं. मी चष्मा पुसत बसलो.”

“दर शनिवारी खिडक्या पुसायला मावशी येतात ना तुमच्याकडे?”

“येतात.”

“त्या काचांना चमकायचं काहीतरी मारतात. मग खणांवरून पण फडकं फिरवतात, सोमवारी फाटकाशी भेटल्या तेव्हा मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या डब्यात काय असतं?”

बाबांनी टेबलावरच्या स्प्रेच्या डब्याकडे पाहिलं.

“तुम्ही ‘जुने झाले’ असं लिहिणार. ते पाचही काढून नवीन बसवणार. मग एखाद्या शनिवारी मावशी पुसणार, आणि तेव्हा खोलीत तुम्ही नसणार, फाटकावर असणार. तिथे जो कुणी असेल त्याला कुणी सांगितलेलं नसणार. कारण तुम्ही ते लिहिलेलंच नाही. मला वाचवायला.”

“मी सांगेन त्यांना तोंडी. पुसायचं नाही म्हणून.”

“का पुसायचं नाही, असं विचारलं तर?”

 आईनं डबा उचलला, फिरवला, परत ठेवला. बाबांनी कागद जरा दूर धरला, चष्मा वर केला, आपलीच दोन वाक्यं वाचली. त्यांना बघताना भिंगरीला कळलं की हा कागद त्या पाचव्या डिटेक्टरासारखाच झालाय. दिसायला चालू. आणि बाबांनी एकोणीस वर्षांत असा एकही पुढे जाऊ दिला नव्हता. आज पहिल्यांदाच, तिच्यासाठी.

इतक्या वेळानं तिच्या आतला तो अडकलेला आकडा हलला. फार नाही. शून्याचं एक झालं असेल.

“रजिस्टर कोण बघतंय,” आई हळूच म्हणाली.

“आज सकाळी साहेबांनीच मागवलं होतं की,” भिंगरी म्हणाली. “त्यासाठीच तर बाबा गेले.”

 बाबा खाकरले. “चार वेळा लिहिलंयस,” म्हणाले. “मी खोडणार नव्हतो. पण दाखवणारही नव्हतो.”

“माहितीये.”

ती उठली. आई खुर्चीत, बाबा खुर्चीत, मध्ये तो डबा. वर्गासमोर उभं राहताना ती आधी पाय घट्ट रोवायची आणि मग बोलायची. आत्ताही तिनं तेच केलं. गुडघे लटपटत होते. वर्षभरात पहिल्यांदा. लटपटू देत, तिला वाटलं.

“उद्या दहाला मी पण येतेय,” ती म्हणाली. “डबा मी नेणार. स्प्रे मी मारला, डिटेक्टर मी दिले, हे तुमच्या कागदावर पहिल्या ओळीत यायला हवं. तुम्ही नाही लिहिलंत तर मी माझ्या वहीत लिहून ती साहेबांपुढे ठेवणार. कपाट तुम्ही उघडं टाकलंत ते तुमचं तुम्ही लिहा. आणि ते चार ‘ऐकलं’ माझ्या अक्षरातले आहेत, त्यातलं एकही मी ऐकलेलं नव्हतं, हे मी मामासमोर सांगणार. शाळेत सुद्धा मीच सांगेन, लांबी आणि वकीलला सगळ्यात आधी.”

“अगं, पण...” आई म्हणाली.

“आई, मी विचारत नाहीये. ठरलंय माझं. सांगतेय तुम्हाला.”